भाड्यानं की विकत, कडुबा?

कडुबा, तुझ्यावर अन्याय झाला तो आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी सकाळी, विहीर खोदणाऱ्या टोळीच्या न्याहारीच्या भाकरी अजून फडक्यातून सुटल्या नव्हत्या तेव्हा. यारीचा दोर तुटला आणि तू बकेटीसकट विहिरीच्या तळाला गेलास. हा पहिला. दुसरा अन्याय त्याच दिवशी ऊन कलायच्या आत झाला. पंचनाम्यात लिहिलं गेलं की मयत हा स्वतःच्या निष्काळजीपणामुळे मेला, कारण मशीन ताब्यात घेताना सगळं बराबर असल्याचं त्यानंच कबूल केलं होतं. पहिला अन्याय आता कुणाच्या बापाला दुरुस्त करता यायचा नाही. दुसरा करता येतो. म्हणून मी तुझ्या दहाव्याला रडत न बसता हे लिहायला बसले. तुझ्या घरची माणसं मला काय म्हणतील ते म्हणोत.

तुला यारी सांगायची गरज नाही, पण वाचणाऱ्यांत शहरातलेही असतील. विहिरीच्या काठावर उभी करायची लोखंडी क्रेन, इंजिनावर चालते, तिच्या तारेच्या दोराला बकेट लटकते. त्या बकेटीतून फोडलेला दगड वर येतो आणि माणसं खाली जातात. तू असा खाली जाणारा माणूस. हसनाबादचा. मी विहीर खोदणाऱ्यांच्या संघटनेची पत्रकं लिहिते. आणि आपण दोघं कॉम्प्युटरच्या क्लासातले जोडीदार. जोडीदार म्हटलं की काही लोकांच्या भुवया वर जातात, जाऊ देत. एका कॉम्प्युटरला दोन जण असा क्लासचा नियमच होता.

नवीन जालन्यात स्टेशनकडून आलं की बियाण्यांच्या दुकानांची रांग लागते. त्यातल्या एका दुकानाच्या माडीवर आपला क्लास. खाली पन्नाकाकांचं दुकान, वर त्यांचेच कॉम्प्युटर. पन्नाकाकांचं घराणं कधीकाळी मारवाडातून आलेलं, पण ते स्वतः जन्मापासून जालन्याचे. बोलायचे आपल्यासारखंच, फक्त रागावले की हिंदीत जायचे. तू आलास पावसाळ्यात, विहिरी भरतात आणि टोळीला काम नसतं तेव्हा. तुला बियाण्याच्या कंपनीत ऑपरेटर व्हायचं होतं. मी तिथं पत्रकं टाईप करायला शिकत होते. पहिल्या दिवशी तू माझ्या पडद्यात डोकावून विचारलंस, "तुम्ही काय टाईप करून राह्यल्या?"

"पत्रक. मजुरांच्या हक्काचं."

"मंग आमचं बी लिव्हा की. आमी का पाटील हाव?"

तिथून तू मला 'लीडर' म्हणायला लागलास, आणि गेम सुरू झाल्यावर अरे-तुरेवर आलास. माझं पहिलं पत्रक तू टोळीत नेऊन वाचलंस आणि परत आणून दिलंस. म्हणालास, "चांगलं हाय. पण एवढ्या काड्या कशाला उभ्या केल्या?" उद्गारचिन्हांना म्हणत होतास. "सारखं ओरडणाऱ्या बाईचं कोन ऐकतंय?" मी आठवडाभर तुझ्याशी धड बोलले नाही, पण पुढच्या पत्रकातल्या काड्या काढून टाकल्या. ते पत्रक वाचून तुझ्या टोळीतली माणसं पहिल्यांदा मीटिंगला आली. हे तुला मी कधी सांगितलं नाही. आता सांगून काय उपयोग, तरी सांगते.

गेमचं सांगते. सर शिकवून गेले की लाईट जायला अर्धा-पाऊण तास उरायचा. कॉम्प्युटरवर कुणीतरी सीडीतून टाकून ठेवलेला सोन्याच्या खाणीचा गेम होता. डोंगराचा एक तुकडा तुमचा. खड्डा खणत जायचं, खाली सोन्याची शीर लागली तर लागली. सुरुवातीलाच पडदा विचारायचा की अवजारं भाड्यानं घेणार की विकत. खड्ड्यातलं पाणी उपसायला पंप, दगड फोडायला ड्रिल, आणि माणसं खाली सोडायला पाळणा. दोन बटणं: रेंट आणि बाय. इंग्रजीतले हे दोन शब्द तुला असे पाठ झाले की तू बसमध्येसुद्धा वापरायचास.

मी कायम भाड्याच्या बाजूची. माझं म्हणणं सरळ होतं. शीर लागेल की नाही ठाऊक नसताना सगळं भांडवल लोखंडात कशाला घालायचं? खड्डा कोरडा निघाला तर मशीन परत करायची आणि चालू पडायचं. शिवाय मला ते 'बाय' बटण दाबताना मालक झाल्यासारखं वाटायचं आणि मी त्या काळात मालक या शब्दावरच तुटून पडायची. तू कायम विकतवाला. पंप भाड्यानं चालेल म्हणायचास, ड्रिल भाड्यानं चालेल, पाळणा मात्र आपला पायजे. त्यापायी तुझं सगळं भांडवल पहिल्याच फेरीत संपायचं, आणि मी सोनं काढत असताना तू हातानं माती उकरत बसायचास.

"अरे हरलास की," मी म्हणायची.

"सोनं तुझं लई झालं. तुझे माणसं किती उरले ते बघ."

एकदा पन्नाकाका दिवे-पंखे बघायला वर आले आणि आपल्या भांडणात पडले. म्हणाले, "बेटा, धंद्यात खरेदी म्हणजे गळ्यात लोढणं. भाड्यानं घे, काम काढ, वापस कर."

तू खुर्ची फिरवलीस. "काका, खालचं दुकान भाड्याचं का इकतचं?"

"विकतचं."

"मंग?"

"अरे, दुकान काय कुणाच्या डोक्यावर पडतं का?"

"मी तरी काय म्हणून राह्यलो? जे डोक्यावर पडतंय, ते आपलं पायजे."

काका "बहस मत कर" म्हणत खाली गेले. पण जाताना हसत होते. जिन्यात त्यांचं हसणं ऐकू आलं होतं. तुला नसेल आलं, तू तोवर गेममध्ये घुसला होतास.

आणि मग एक दिवस तू ते शोधलंस. "लीडर, इकडं बघ. भाड्याच्या पाळण्याला पट्टी न्हाई." तुझ्या विकतच्या पाळण्याच्या कडेला एक बारीक पट्टी होती. सुरुवातीला हिरवी, वापरत गेलं की पिवळी, मग लाल. लाल झाली की दुरुस्तीचं बटण दाबायचं, त्या फेरीला काम बंद, पाळणा पुन्हा हिरवा. माझ्या भाड्याच्या पाळण्याला ना पट्टी, ना दुरुस्तीचं बटण. झीज दोन्हीकडं होत होती, पण माझ्याकडं ती दिसतच नव्हती. तो नीट चालायचा, चालायचा, आणि एका फेरीला धाडकन खाली. छोटासा माणूस कोसळायचा, वर मशीनमालकाला दंड भरा अशी पाटी यायची.

तू ती पाटी माझ्याकडून दोनदा वाचून घेतलीस. "म्हंजे माणूस आपला मेला आन् दंड बी आपल्यालाच? हा गेम बी कोन्या यारीवाल्यानंच बनवला असंल." सगळा क्लास हसला. तू हसत नव्हतास. विहिरीवरही असंच असतं, हे तेव्हा तू पहिल्यांदा मला नीट समजावून सांगितलंस. तो दिवस माझ्या कामातला महत्त्वाचा दिवस होता, कडुबा. मजुरी, हजेरी, पाण्याची सोय, यांवर मी किती पत्रकं लिहिली होती. दोरावर एकही नव्हतं. तारेचा दोर किती झिजलाय हे ज्याला सगळ्यात आधी कळतं, त्या माणसाला तो बदलायचा हक्क नाही, ही गोष्ट तू मला त्या गेमवरून शिकवलीस.

पण मी तुझं सगळं मान्य केलं नव्हतं, आणि अजूनही करत नाही. मेलास म्हणून वाद तुझ्या बाजूनं सुटला असं समजू नकोस. मी म्हटलं होतं, भाड्याची असो नाहीतर विकतची, ज्याची मशीन त्याच्यावर जबाबदारी टाकणारा कायदा पाहिजे.

"कायदा येईस्तोवर दोर थांबतो का?"

"आणि टोळीनं यारी विकत घेतली तर टोळीतलाच एक जण मालक होईल. तो तुझ्यासारखा असेल कशावरून?"

तू माउस बाजूला सारलास. मग म्हणालास, "पाळी लावू. ह्या विहिरीला एक मालक, पुढच्या विहिरीला दुसरा."

"असं कुठं असतं का?"

"बकेटीत उतरायची पाळी असती. तिला कोन म्हणतं असं कुठं असतं? मंग मालकीची पाळी का नसावी?"

तेवढ्यात लाईट गेली. मला उत्तर सुचलं नव्हतं, अंधारामुळे सुटले. आजही सुचलेलं नाही. मी रोज त्या प्रश्नाशी भांडते आहे आणि समोर तू नाहीस, याचा मला भयंकर राग येतो.

पावसाळा सरला, तू टोळीत परत गेलास आणि तो विचार खरंच टोळीपुढं मांडलास. पिंपळगाव रेणुकाईकडं एक जुनी यारी विकायला निघाली होती. सगळ्यांनी मिळून घेऊ म्हणालास. टोळीचे मुकादम नामदेवमामा, केस पिकलेला, अर्धं आयुष्य विहिरीत घातलेला माणूस. त्यांनी तुला सगळ्यांपुढं उडवून लावलं. "भाड्याची बिघडली तं मालकाची झोप जाती. आपली बिघडली तं आपली. तुला का कॉम्प्युटरनं येडं केलं?" टोळी हसली. तू येऊन मला ते जसंच्या तसं मामांच्या आवाजात करून दाखवलंस. त्यांच्यावर चिडला नव्हतास. "पुढच्या साली इचारतो परत," म्हणालास.

त्या उन्हाळ्यात टोळीनं एक जुनी विहीर आणखी खोल करायचं काम उक्तं घेतलं आणि यारी पुन्हा भाड्यानंच आणली.

आता नारळाचं सांगायला हवं, कारण सगळं त्यावर अडलंय. आपल्या भागात यारी भाड्यानं घ्यायची तर कागद होत नाही, नारळ फुटतो. यारी काठावर उभी राहिली की टोळीतला एक जण दोराला हात लावतो, चारचौघांत "बराबर हाय" म्हणतो आणि नारळ फोडतो. खोबरं वाटलं जातं. तिथून पुढं मशीनचं काहीही होवो, मालक मोकळा. शेतकरी, टोळी, मालक, सगळे हे मानतात. पंचनामा करणाऱ्यांनीही मानलं. खोबऱ्याचा तुकडा तोंडात गेला की करार झाला.

आखाजीचा मुहूर्त धरून यारी उभी केली. दोराला हात लावायला तुला पुढं केलं. त्या संध्याकाळी तू एसटीडी बूथवरून पन्नाकाकांच्या दुकानात फोन केलास. मी वर टायपिंग करत होते, काकांनी हाक मारून रिसीव्हर माझ्या हातात दिला.

"लीडर, मी म्हणलो न्हाई."

"काय म्हणाला नाहीस?"

"बराबर हाय. दोराच्या तारा निघाल्यात, हाताला टोचल्या. म्हणलं, दोर बदला, मंग म्हणतो. मालकाचं पोरगं म्हणतंय, सणाचं कोन दुकान उघडून बसलं, चार रोज चालवा. आन् त्यानंच नारळ फोडला. त्यानंच."

"आणि टोळी?"

"टोळीनं खोबरं खाल्लं. म्या माझं दगडावर ठुलं."

"मग काम बंद करा ना!"

"शेतकरी म्हणतो पाऊस यायच्या आत पायजे. टोळी ऐकत न्हाई. आज मामा उतरले, उद्या पाळी माझी हाय."

"तू उतरू नको."

"म्या न्हाई उतरलो तर मामाच परत उतरतेत. त्यांचे गुडघे बघितले का तू?"

मी काहीतरी कायद्याचं बोलायला लागले. कुठं तक्रार करायची, कुणाला अर्ज द्यायचा. तू मध्येच म्हणालास, "पत्रक काढ. दोराचं काढ, जल्दी." बूथवाला मागून काहीतरी ओरडला आणि फोन कट झाला. मी आणखी काय बोलणार होते, हे लोक मला विचारतात. मी आणखी भांडणारच होते. दुसरं काही मला येत नाही, तुला माहीत आहे. तुझ्याशी भांडताना मला बरं वाटायचं, एवढं वाक्य मात्र त्या फोनवर बसलं असतं.

तुला जाळून परत येताना नामदेवमामा माझा हात धरून रस्त्यातच खाली बसले. "पोरगं म्हणलं न्हाई गं बाई. त्यानं खोबरं खाल्लं न्हाई. मी बघितलं." मी त्यांना म्हटलं, हे तहसीलच्या साहेबापुढं सांगा. ते हो म्हणाले. दोन दिवसांनी त्यांच्या घरी गेले, तर मान खाली घालून म्हणाले, "आता मला काय आठवत न्हाई." आतून त्यांच्या सूनबाईंनी सांगितलं, "ताई, पुढच्या विहिरीला बी यारी त्या मालकाचीच घ्यावी लागती. तुम्ही पत्रक वाटून जालन्याला जाता." खरं बोलल्या त्या. मला त्यांचा राग येत नाही. म्हणजे येतो, पण तो त्यांच्यावर काढायचा नाही एवढं मला कळतं.

तुझी आई मला एकच विचारते. "माझं लेकरू निष्काळजी होतं का गं?" जो मुलगा एसटीत चढण्याआधी टायरकडं बघायचा, त्याच्या आईनं हे विचारायचं. मी नाही म्हणते. ती म्हणते, "मंग कागदावर का हाय?" पंचनाम्यातल्या त्या एका वाक्यामुळं तुझ्या घराला भरपाई म्हणून काही मिळणार नाही, हे एक झालं. त्याहून वाईट पुढं आहे. तो तुटलेला दोर मालकानं जिथं तुटला तिथं कापला, क्लिपा मारून जोडला आणि यारी दुसऱ्या विहिरीवर नेऊन उभी केली. मी स्वतः जाऊन पाहिली. माणसं त्याच बकेटीतून उतरत आहेत. कडुबाचा निष्काळजीपणा होता असं एकदा ठरलं की दोराचा काही दोष उरत नाही, मालकाचा उरत नाही, उद्या जो पडेल तोही निष्काळजीच ठरतो.

काल मी क्लासला गेले होते. तुझ्या खुर्चीवर एक नवा मुलगा बसवलाय, भोकरदनचा. त्याला उठवायचं माझ्या अगदी तोंडावर आलं होतं. मग गेम लावला, आणि पडद्यानं विचारल्यावर मी मुद्दाम भाड्याचं बटण दाबलं. तुला चिडवायला. तू चिडला नाहीस. मी फार वेळ खेळू शकले नाही. खुर्चीत बसवेना, उठून जिन्यात गेले, परत आले, परत गेले. पन्नाकाका वर आले, म्हणाले, "बेटी, हा गेम काढून टाकू?" मी नको म्हटलं. ते तिथंच उभे राहिले. मग म्हणाले, "फोन मी उचलला होता. कडुबाचा फोन आला, तो घाबरलेला वाटत होता, एवढं मी साहेबापुढं बोलणार. बिलकुल बोलणार. पण बेटी, तो काय बोलला ते मी ऐकलं नाही. मी फक्त तुला दिला." या वयात, बाजाराच्या दिवशी, दुकान बंद करून ते येणार आहेत. तू त्यांना लोढण्यावरून छळलंस, तरी येणार आहेत.

माझं ऐकीव आहे, कडुबा. काकांचं अर्धं आहे. विहिरीवर मी नव्हते. साहेब मला हेच म्हणाले, आणि म्हणताना त्यांच्या आवाजात दयाही होती, जी मला नको होती. "बाई, तुम्ही तिथं होतात का? तिथं असलेलं कुणी आणा."

म्हणून आता तुझ्याशी बोलणं थांबवते आणि वाचणाऱ्यांकडं वळते.

तुम्ही तिथं होतात. आखाजीला त्या विहिरीवर टोळी होती, शेतकऱ्याचं घर होतं, चहा घेऊन आलेल्या बाया होत्या, यारी उभी राहताना बघायला रस्त्यावरून वळलेले लोक होते. नारळ कुणी फोडला हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत. खोबरं तुमच्या हातावर ठेवलं गेलं. तुमच्यातल्या निम्म्यांनी हे पत्रक कुणाला दिसू नये म्हणून घडी घालून खिशात टाकलं असेल. हरकत नाही, खिशातच ठेवा, पण येत्या सोमवारी सकाळी तहसीलवर या. मालकाविरुद्ध भाषण करा असं मी सांगत नाही. संघटनेत या असंही सांगत नाही. एकटं यायची भीती वाटत असेल तर शेजाऱ्याला घेऊन या, मामा, तुम्ही सूनबाईंना घेऊन या. साहेबापुढं उभे राहा आणि जे ऐकलं तेवढंच मोठ्यानं सांगा: कडुबा "बराबर हाय" म्हणाला नव्हता.